अडतीसची जर्सी

शिवणवाल्या काकू गेली सहा वर्षं एक लबाडी करत होत्या आणि आता तिचा त्यांना वीट आला होता.

क्लबच्या संघाचे कपडे त्यांच्याकडेच शिवायला असत. संघाचा गोलरक्षक, ज्याला सगळे 'भिंत' म्हणत, त्याची जर्सी त्या आधी चाळीसची कापू लागल्या, मग बेचाळीसची, आता चव्वेचाळीसची. गळ्याला पट्टी मात्र '३८' चीच. पहिल्यांदा केलं ते लाडानं. त्याच्या एकेका झेपेपायी त्यांनी ओरडून घसा बसवून घेतला होता. पण गडी टीव्हीवर सांगत सुटला, "वीस वर्षं माप अडतीसच! ही जर्सी बसेनाशी झाली, की त्याच दिवशी थांबेन."

म्हणजे थांबणं अडलं होतं काकूंच्या कात्रीपाशी.

इकडे घरात काका टीव्हीसमोर कावायचे. "अरे, भिंत कसली, खिडक्याच खिडक्या! बस की घरी!" शेजाऱ्यानं नुसती मान डोलावली तरी त्याच्यावर उखडायचे. "तुम्ही नका बोलू. तुम्हाला काय कळतंय त्याचं?"

मागच्या सामन्यात अख्ख्या मैदानानं त्याची हुर्यो उडवली. त्यात पोरंटोरंही होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी दात-ओठ खात जर्सी कापली, खरीखुरी अडतीसची.

तो दुकानात आला, पडद्यामागे गेला. बराच वेळ नुसती खुडबुड. मग आतून दबका आवाज, "काकू, जरा येता का? अडकलोय."

हात वर, डोकं आत, पोट बाहेर. काकूंनी बाह्या धरून ओढलं.

"कापड आटलं वाटतं," जर्सीतूनच तो म्हणाला.

"कापड नवंय."

"मग शिवण चुकली असेल."

"सहा वर्षं चुकत होती. आज बरोबर आलीय."

डोकं बाहेर आलं तेव्हा केस विस्कटलेले, कान लाल. "सहा वर्षं? मग आधीच बोलायचं ना हो!"

"माझ्यावर ओरडू नका! घरात आरसा नाही का तुमच्या?"

तो स्टुलावर बसला. रविवारी घरच्या मैदानावर सामना होता. "उघड्या अंगानं उभा राहू का आता?" त्यानं विचारलं.

काकूंनी चिडचिडत खण ओढला आणि दुसरी जर्सी त्याच्या मांडीवर टाकली. गळ्याला '४४'. तीही त्यांनीच शिवून ठेवली होती. त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला. "रविवारी हीच घालतो," तो म्हणाला. "मग बास."

रविवारी त्यानं दोन गोल खाल्ले, एक अडवला आणि मैदानाच्या मधोमध उभं राहून निवृत्ती जाहीर केली.

काका टीव्हीसमोरून ताडकन उठले. "हे काय! एवढ्यात? अजून दोन वर्षं आरामात खेळला असता! कुणी भरवलं याच्या डोक्यात?"

काकूंनी दातांनी दोरा तोडला. डोळे टिपायला हात मोकळा नव्हता. "तुमचा आवाज कमी करा तो," त्या खेकसल्या. "मला ऐकू द्या."