उजाडल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

"मारा, अजून मारा! एकदाचा जळू दे सेल्फ!" मालक ओरडले.

ड्रायव्हर मामांनी पहाटेच्या अंधारात पुन्हा किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, इंजिनाने दोन-चार उचक्या दिल्या, सायलेन्सरमधून पांढरा धूर भसकन बाहेर पडला आणि गाडी पुन्हा गप्प झाली. तो कच्च्या डिझेलचा धूर डोळ्यांत झोंबत होता आणि मागच्या पिंपांची घाण नाकात. कुठलं आधी पुसावं, डोळे की नाक, तेच मला कळेना.

त्या पिंपांत काय असतं ते सांगतो, म्हणजे माझा वैताग कळेल. शहरातल्या यच्चयावत चिकनच्या दुकानांतली आतडी, पिसं, पाय आणि मुंडकी रोज मालकांच्या या आवारात जमतात. लोक जागे व्हायच्या आत ती गावाबाहेरच्या कारखान्यात पोचवायची. तिथे त्याचं खत होतं की आणखी काय, मी कधी विचारलं नाही. उजेडात हा माल रस्त्यावर दिसला की लोक बोंबा मारतात. खायला सगळे पुढे, पण आतडी बघायची म्हटलं की यांना मळमळतं!

माझा धंदा डिझेल गाड्या दुरुस्त करायचा. हा ट्रक माझ्याच हाताखाली म्हातारा झालाय. जुनं इंजिन थंडीत थोडं खोकणारच, ते मला मान्य. पण हे खोकणं नव्हतं. मी बॅटरी बदलली, हीटर प्लग बदलले, नोझल काढून तपासून आणले. शेवटी सापडलं ते साधंच दुखणं: टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाचा एक नट सैल होता. तिथून हवा शिरायची, रात्रभरात पाइपातलं डिझेल टाकीत परत उतरायचं आणि सकाळी पंपाच्या तोंडी नुसती हवा. मी नट आवळला, मिशीला पीळ दिला आणि घरी गेलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वॉशर बदलला. पुन्हा तेच.

आता मालकांचा माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता.

"मिस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर सांगा," ते म्हणाले. "मी दुसरा माणूस बोलावतो. इंजिन उतरवू, नाहीतर भंगारात घालू ही पीडा."

"इंजिनाला काही झालेलं नाही, मालक."

"मग ही रोज उजाडल्यावरच कशी सुरू होते? सूर्याला नमस्कार करून?"

मामा खाली उतरले, बॉनेटखाली वाकले आणि डिझेलचा हातपंप मारत पाइपातली हवा काढू लागले. सगळे त्यांना मामाच म्हणत. उभं आयुष्य याच मालावर गेलेलं. अंगाचा वास साबणाने जाण्यापलीकडे गेलेला, त्यामुळे चहाच्या टपरीवरही ते लांब उभे राहून ग्लास घ्यायचे. हातपंप मारताना ते सारखे आभाळाकडे बघत. मला वाटायचं, देवाला शिव्या देतायत.

मी टॉर्च घेऊन गाडीखाली घुसलो. वरून पिंपांचं पाणी मानेवर टपकलं, ते बाहीने पुसलं. आदल्या दिवशी नट आवळल्यावर मी त्याच्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली होती, नटावरून थेट खालच्या पट्टीपर्यंत. आमची ही जुनी पद्धत. नट आपोआप सैल होतो, की कुणी करतं, ते कळायला बरं पडतं. टॉर्च मारला. रेघ तुटली होती. नटावरची एकीकडे, पट्टीवरची दुसरीकडे, आणि नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे.

म्हणजे कुणीतरी रोज माझं नाक कापत होतं! अंगाचा तिळपापड झाला. कोण असेल? मालकांच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर? माझ्या जागेवर डोळा असलेला एखादा मिस्त्री? पण नुसता संशय घेऊन बोललो असतो तर माझ्यावरच शेकलं असतं. मी नट आवळला, तोंड बंद ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा आवारात आलो.

दिवस बुडत होता. पिंपं भरणारी माणसं पलीकडे चहा पीत होती. ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. चपला मी ओळखल्या. वाकून पाहिलं तर मामा त्या घाणीत गोणपाट टाकून उताणे पडले होते आणि हाताने चाचपत पाना नटावर बसवत होते.

"मामा!"

पाना हातातून सुटला आणि त्यांच्या छातीवर पडला. ते हळूहळू बाहेर आले. पाठीला पिसं चिकटली होती.

"लाज वाटते का?" मी म्हणालो. "मी वेड्यासारखा नोझल काढतोय, बॅटऱ्या बदलतोय, मालक मला येता-जाता बोलतायत, आणि तुम्ही शेजारी उभं राहून माना डोलावताय? थुंकावंसं वाटतंय मला तुमच्यावर!"

"थुंका," मामा म्हणाले. "पण ओरडू नका, मिस्त्री. ते लोक ऐकतील."

"का करता हे?"

ते गोणपाटाला हात पुसू लागले.

"अंधारात दिसत नाही मला. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं, आणि ती गेली की सगळं काळं. उजाडलं की ठीक असतं. म्हणून उजाडेपर्यंत गाडी अडवतो."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. आतला पडदा गेलाय म्हणाला. यावर ऑपरेशन नाही."

माझा राग जाईना. खरं सांगायचं तर अजून वाढला. "अहो, कुणाला तरी उडवाल तुम्ही!"

"उडवू नये म्हणूनच करतो ना!"

"मग मालकांना सांगा. दिवसाचं काम मागा."

"या मालाला दिवस कुठला, मिस्त्री? आणि मला दुसरं काम देणार कोण? माझ्या शेजारी कुणी उभं राहत नाही."

ते खोटं नव्हतं. बोलता बोलता मीसुद्धा दोन पावलं मागेच सरकलो होतो. ते लक्षात आलं तेव्हा मला त्यांची, माझी, त्या पिंपांची, सगळ्याचीच किळस आली.

"हे बघा," मी म्हणालो, "मी आत्ता नट आवळणार. उद्या सकाळी मालकांसमोर गाडी पहिल्या सेल्फला सुरू होईल. तुम्ही अंधारात निघालात तर मी गाडीपुढे आडवा पडेन. तेव्हा काय ते तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

मामांनी पाना माझ्या हातात दिला.

सकाळी मी पोचलो तेव्हा ऑफिसच्या दारावर एक बल्ब जळत होता, बाकी मिट्ट काळोख. मामा स्टिअरिंगवर बसलेले. मालक शाल गुंडाळून, तोंड वाकडं करून उभे. मामांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. उचकी नाही, धूर नाही. जुनं इंजिन एका लयीत चालत होतं. माझ्या हातून इतकं चांगलं काम क्वचित झालं असेल, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

"शाब्बास, मिस्त्री!" मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चला मामा, निघा. आज वेळेत पोचू."

मामा जागचे हलले नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी दार ढकललं. पायाने चाचपडत पायरी शोधली आणि खाली उतरले.

"मालक, गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "तिला कधीच काही झालं नव्हतं. नट मी सैल करायचो. मला अंधारात दिसत नाही."

मालकांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते भडकले. "इतके दिवस मला मूर्ख बनवलंत? आणि मी इंजिन उतरवायला निघालो होतो! माणूस मेला असता तर कोण निस्तरणार होतं?"

मामांनी हात जोडले नाहीत. मालक बाजूला थुंकले. माल नासत होता. शाल खांद्यावर टाकून, नाकाला रुमाल बांधून ते स्वतःच वर चढले आणि गाडी घेऊन गेले. मामांचं अंथरूण-पांघरूण केबिनमध्येच असायचं, झोपायचेही ते तिथेच. तेही गाडीबरोबर गेलं.

"चला मामा, माझ्या घरी चला," मी म्हणालो.

"नको. तुम्ही जा. उजाडलं की निघेन मी."

त्यांनी हाताने एक रिकामं पिंप शोधलं, पालथं केलं आणि त्यावर बसले. गाडीचा आवाज रस्त्यावर लांब लांब जात होता. मामा मान उचलून ऐकत होते.

"कशी सुरेख चाललीय बघा," ते म्हणाले. "आता वळणावर गेली असेल. मागचा लाल दिवा दिसतोय अजून?"

आपण गेटकडे तोंड करून बसलो आहोत अशा समजुतीत ते होते. त्यांच्यासमोर भिंत होती.

"दिसतोय," मी म्हणालो.