एकवीस इंच तीन सूत

रतनबाईंनी फुंकणी तोंडाला लावली आणि श्रीमंतने खिशातल्या मोजायच्या टेपवरची मूठ आवळली. काटक्यांनी आधी धूर दिला, मग जाळ धरला. फुंकणी पुन्हा चुलीच्या कडेला, थेट निखाऱ्यालगत पडली, तसा तो पुढे सरसावला.

“काकी, ती जरा बाजूला ठेवता का?”

“का रं? भाजंल व्हय तिला? पन्नास वरसं हितंच पडती ती.”

पन्नास वर्षं निखाऱ्यात! श्रीमंतने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कुणाला तिथे काळं पडलेलं एक जड नळकांडं दिसलं असतं. त्याला टोकावरचा तो बारका उंचवटा दिसत होता. नेम धरायची माशी होती ती. नुसत्या पाइपाला माशी कशाला असेल?

श्रीमंत आरोटे नगरच्या एमआयडीसीत अडतीस वर्षं टर्नर होता आणि जुन्या बंदुकांचं त्याला वेड होतं. दसऱ्यापुरती देवघरातून बाहेर निघणारी बंदूक असो की भंगारवाल्याकडचा तुकडा, तो गंज पुसून शिक्का वाचायचा आणि वर्ष सांगायचा. एकदा एक गृहस्थ खर्ड्याच्या लढाईतली म्हणून मोठ्या तोऱ्यात एक बंदूक घेऊन आले होते. श्रीमंतने ती जागच्या जागी शंभर वर्षांनी तरुण करून परत पाठवली. गृहस्थ अजून त्याच्याशी बोलत नाहीत. पण त्याचा नियमच तो होता. लोखंडावर आहे ते सांगायचं, मालकाचं तोंड बघून सांगायचं नाही.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र अर्धीच बंदूक होती. वडिलांकडून आलेली, बंदुकीच्या मधल्या भागाची लोखंडी पेटी, तिच्यात घोडा, काडतुसावर आदळणारी टोचणी आणि खाली ओढायचा दांडा. नळी नाही, लाकूड वाळवीने खाल्लेलं. पेटीच्या उजव्या अंगाला मुकुट होता, त्याखाली १८८२ साल, आणि त्याखाली एकच उभी रेघ. पुढचं गंजाने खाल्लेलं. पुढे दुसरी रेघ असेल तर ती पायदळाची लांब रायफल, आणि इंग्रजी सी असेल तर घोडेस्वाराची आखूड कार्बाईन. तीस वर्षं त्याने त्या रेघेवर भिंग धरलं होतं. उत्तर एकाच ठिकाणी होतं, नळीच्या लांबीत. आणि नळी, वडील म्हणायचे, धाकट्या भावाने चोरली. “चोराच्या घरचं पानी प्यायचं न्हाई,” असं त्यांनी आठ वर्षांच्या श्रीमंतला बजावलं होतं आणि बिऱ्हाड उचलून नगर गाठलं होतं. आता तो बासष्टचा होता. वडील गेले, चुलते गेले, पाणी काही कुणी प्यालं नाही.

मग गेल्या रविवारी मोबाईलवर एक रील आलं. त्याच धाकट्या चुलत्यांच्या बायकोची, रतनबाईंची नात संस्कृती, संगमनेरला कॉलेजात शिकणारी, तिने टाकलेलं. आजीची चूल, आजीची भाकरी. चाळीस हजार लोकांनी ती टम्म फुगलेली भाकरी पाहिली. फुंकणीकडे बघत ताडकन उठून बसलेला श्रीमंत तेवढा एकटाच. रात्रभर त्याला झोप नाही. शेवटी आज पहाटेच्या एसटीने अकोले, तिथून जीपने वर, आणि पेटी पिशवीत.

“चहा टाकू?” आल्याआल्या काकींनी विचारलं होतं.

“नको, आत्ताच झाला,” असं तो धडधडीत खोटं बोलला होता.

आता मात्र त्याला राहवेना.

“काकी, फुंकणी मोजू का?”

“मोज की. फुंकनीचं काय मोजायचं आसतं?”

त्याने ती उचलली. गरम होती, तरी सोडवेना. काकी जिकडून फुंकत तिकडचं भोक रुंद होतं, जाळाकडचं अरुंद. रुंद भोक काडतुसाचं घर होतं. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते, तिच्यातून कुणी जन्मात चूल फुंकू शकणार नाही. ही मागून भरायची होती. त्याने टेप लावली. खात्रीसाठी पुन्हा लावली.

“एकवीस इंच तीन सूत,” तो मोठ्याने म्हणाला. मग आणखी मोठ्याने, “काकी, एकवीस इंच तीन सूत!”

“बरं मग?”

“रायफल असती तर तेहतीस भरली असती! आणि कुणी कापून आखूड केली असती तर टोकाला माशी राहिली नसती. कार्बाईन आहे ही. घोडेस्वाराची!”

“घोडं कवा हुतं आपल्याकडं?” रतनबाई म्हणाल्या, पण त्याही आता चुलीकडे पाठ करून बसल्या होत्या.

तोंडाच्या बाजूला एक चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. ओठाला टोचतंय म्हणून, काकींनी सांगितलं. श्रीमंतने ती एकेक वेढा करून सोडवली आणि खाली निघाले आटे. पन्नास वर्षं चिंधीत राहून जसेच्या तसे, चकचकीत. ज्याने जन्मभर आटे पाडले त्याला आणखी काय दाखवायचं असतं? त्याने पिशवीतून पेटी काढली, नळी टेकवली आणि फिरवली. अडली नाही. एक फेरा, दोन, तीन. नळीवर एक बारीक रेघ होती आणि पेटीवर एक. कारखान्यात जोडताना मारलेली ती खूण, दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की नळी बरोबर बसली. रेघ रेघेपासून केसभर अंतरावर येऊन थांबली. तो शेवटचा केस पान्याशिवाय जात नाही हे त्याला माहीत होतं. बासष्ट वर्षांचा माणूस, चुलीपुढे उकिडवा बसून मांडीवर थापा मारत हसला.

“सापडलं! काकी, सापडलं! बाबा म्हणायचे की नळी…”

तो थांबला.

“काय म्हनायचा?”

“चोरीला गेली म्हणून.”

रतनबाई रागावल्या नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवळीतून एक पत्र्याची डबी आणली आणि तिच्यातली पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली.

“हे बी बघ. सासूबाईंनी नळीसंगं दिलं हुतं. कुनाला दावू नको म्हनल्या हुत्या. आता त्या न्हाईत, तुझा बाप न्हाई, आमचे हे न्हाईत.”

काडतूस! पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं, पुढे शिशाची गोळी, बुडाला लोखंडी चकती आणि मधोमध बार पेटवणारी टोपी. इतक्या जुन्या घडणीचं काडतूस त्याने फक्त चित्रात पाहिलं होतं. त्याने ते आधी जाळापासून लांब, दाराजवळ नेलं.

“काकी, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय सांभाळलंय!”

“मला म्हाईत हाय,” रतनबाई म्हणाल्या. “तू बस आधी.”

तो उंबऱ्याजवळ बसला.

“बांधावरनं भांडन झालं. तुझा बाप बंदूक घिऊन आला. आमचे हे म्हनायचे, दादानं माझ्या छातीवर नळी धरली आनि घोडा वडला. टक्क वाजलं, बार झाला न्हाई. तुझी आजी म्हनायची, न्हाई वडला, नुसता धाक दावला, धाकटा लबाड बोलतोय. पन त्याच सांजंला तिनं लव्हाराकडनं बंदूक उसवून घेतली. पेटी थोरल्याला, नळी धाकट्याला, आतनं निघालेलं काडतूस माझ्याकडं. एकट्याच्या हातनं पुन्हा काय व्हायला नको म्हनून.” त्यांनी दम घेतला. “सगळा गाव ह्यांना खोटारडा म्हनला. सख्खी आय म्हनली. मरताना बी माझा हात धरून म्हनले, रतने, टक्क वाजलं हुतं. तुला त्यातलं कळतं म्हनत्यात. मला येवढंच सांग.”

श्रीमंतने काडतूस उलटं केलं. टोपीवर टोचणी आदळल्याचा खळगा होता. गोल नव्हता, अर्ध्या चंद्रासारखा होता. त्याने पेटीचा दांडा खाली ओढला. आतल्या टोचणीला भिंगाची गरज नव्हती, ती त्याला तोंडपाठ होती. टोकाचा एका बाजूचा टवका उडालेली, अर्ध्या चंद्राची. त्याच पेटीला तेल कसं द्यायचं हे वडिलांनी त्याचा हात हातात धरून शिकवलं होतं. किती मायेने शिकवलं होतं. त्याने काडतूस उजेडाकडे फिरवलं आणि पुन्हा पाहिलं.

“वडला हुता, काकी.”

पन्नास वर्षं नगरला राहून विसरलेली गावची बोली आपोआप तोंडात आली.

“नीट बघितलंस?”

“दोनदा.”

रतनबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

चूल विझत आली होती. श्रीमंतने नळी पेटीतून उलटी फिरवून काढली. चिंधी आट्यांवर पहिल्यासारखी, एकेक वेढा घट्ट करत गुंडाळली. मग चुलीपुढे वाकून त्याने ती तोंडाला लावली आणि फुंकली. पहिल्यांदा नुसती राख उडाली. दुसऱ्यांदा जाळ धरला.

“चहा टाका,” तो म्हणाला. “आणि आधी तांब्याभर पाणी द्या.”