बापकच्या फोनची बटणं

लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सकाळी मी क्लातेनच्या आमच्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा बापक वेताच्या खुर्चीत बसले होते. नमाज पढून नुकतेच आलेले, अंगात नवा बातिकचा सदरा, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मी उभी राहिले. म्हटलं, आता तरी काही बोलतील. पण ते मान खाली घालून मांडीवरच्या फोनवर अंगठे फिरवत बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर बसमध्ये अंग आंबवून जकार्ताहून आलेली मुलगी दारात उभी आहे आणि बापाला फोन सुटत नाही!

मी तशी रागातच होते, वर्षभर. गेल्या लेबारानच्या आधी माझा नवरा दुसरीबरोबर निघून गेला. फोनवर सांगायला माझं तोंड उघडेना. म्हणून मी बापकना लांबलचक मेसेज लिहिला, लिहिताना ढसाढसा रडले. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी वाचला. आणि उत्तर आलं: 'मस्त. पोटभर जेव.'

मस्त! त्या दिवसानंतर मी त्यांचा फोन उचलला नाही, घरी आले नाही. थोरल्या भावाला, विबीला, 'नवऱ्याला रजा मिळत नाही' अशी थाप मारून ठेवली. लाजेपुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बापकची उत्तरं हा घरात थट्टेचा विषय होताच. गाडी किती वाजता लागते विचारलं तर 'छत्री विसरू नकोस.' कोंबडी आणू की मासे, तर 'मस्त, मस्त.' विबी म्हणायचा, "बापक एका कानाने ऐकतात आणि तिसऱ्याच कुणाला उत्तर देतात." आम्ही पोट धरून हसायचो. मला मात्र ते हसू त्या मेसेजनंतर महागात पडलं होतं.

विबी आतून आला आणि मला ओढतच बाहेर मोटारीपाशी घेऊन गेला. "रेत्नो! आलीस? बापकच्या हातातला फोन बघितलास? काल रात्री बदलला मी. त्यांच्या उशाशी नवा ठेवून दिला."

विबीचं सेमारांगला मोबाइलचं दुकान आहे. त्यामुळे फोन या विषयावर त्याचं तोंड बंद होत नाही.

"आणि जुना? बटणांचा?"

"गाडीत टाकलाय. सुटे भाग तरी निघतील. अगं, आजकाल बटणांचा फोन कोण वापरतं? अर्धा फोन नुसता बटणांनी खाल्लेला. पिक्चर बघायचा तर टपाल तिकिटाएवढा!"

"बापकना विचारलंस?"

"भेट काय विचारून देतात?"

तो फोन मीच त्यांना घेऊन दिला होता, आई गेली त्या वर्षी. बापक जिल्हा न्यायालयात टंकलेखक होते, बोटांना बटणांची सवय. तेव्हा मी त्यात सोय करून दिली होती. 'आर' दाबला की माझं पान उघडायचं, दाबून धरला की मला फोन लागायचा. 'डब्ल्यू' दाबला की विबी. मला इतकं थंड उत्तर धाडायला त्यांनी माझंच बटण वापरलं, याचाही मला राग होता.

आत बू कार्सीने चटई अंथरली होती. ही शेजारीण, आई गेल्यापासून दोन्ही वेळचं जेवण तीच रांधते. स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधातल्या कोंबडीचा वास सुटला होता. आता सुंगकेम. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, वयाप्रमाणे एकेकाने बापासमोर गुडघ्यावर जायचं, त्याच्या मांडीवर डोकं टेकून क्षमा मागायची, आणि बापाने कानात आशीर्वाद द्यायचा. आमच्याकडे दरवर्षी आधी विबी, मग मी. यात कधी बदल नाही.

पण विबीच्या खिशातला फोन थरथरला. "गिऱ्हाईक आहे, सणाचंसुद्धा सोडत नाहीत," असं माझ्या कानात पुटपुटून तो अंगणात गेला आणि जाताना मला हाताने खूण केली, तू बस आधी.

मी बसले. डोकं टेकलं. क्षमेचे शब्द तोंडावर आले नाहीत. मी का मागू? गप्पच राहिले. बापकचा हात माझ्या डोक्यावर आला. नवरा गेल्यावर मी केस अगदी बारीक कापले होते, पोरासारखे. त्या केसांवरून हात फिरवत ते वाकले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले,

"विबी, बाळा, तुझ्या बहिणीला सांभाळ. ती माझ्यावर का रुसलीय ते तिला विचार. मला फोनवर भेटत नाही ती." मग आवाज आणखी खाली आला. "आज येणार म्हणाली होती ना? आली का रे ती?"

मी मान वर केली. बापक माझ्याकडेच पाहत होते. नेमके माझ्या तोंडाकडे नाही, कपाळाच्या जरा वर. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही.

"बापक..." मी म्हणाले.

त्यांचा हात एकदम मागे गेला, जणू तव्याला लागला. "रेत्नो?"

दारात बू कार्सी हातात डाव घेऊन उभी होती. तिने डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. "कळलं एकदाचं. माझी सुटका झाली बाई."

"तुला माहीत होतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. माझा नवरा रोज हातात हात घालून मशिदीत नेतो त्यांना. दोन म्हातारे चाललेत, कुणाला काय वाटतंय? काचबिंदू. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"मला अल्लाची शपथ घातली होती यांनी!"

बापक ताठ बसले. "सांगितलं असतं तर मला जकार्ताला नेऊन विसाव्या मजल्यावर डांबलं असतंत. इथे मला विहीर कुठे, दार कुठे, सगळं ठाऊक आहे. मी इथून हलणार नाही."

विबी दारात येऊन थांबला होता, फोन हातात तसाच. तोंडाचा चंबू झाला होता. "पण बापक, काल रात्रभर मी इथे होतो..."

"तू कुठे होतास? तू फोनात होतास," बापक म्हणाले. मग मांडीवरची ती गुळगुळीत पाटी त्यांनी पुढे केली. "हे काय दिलंस मला? रात्रीपासून चाचपतोय. कुठे काही हाताला लागतच नाही. रेत्नोला फोन करायचा होता, बस मिळाली का विचारायला. अंगठा कुठे ठेवू?"

विबी धावत मोटारीकडे गेला. जुना फोन घेऊन आला, सिमकार्ड त्यात घालताना त्याच्या हातून ते दोनदा खाली पडलं. माझ्या भावाला मी असा कधी पाहिला नव्हता.

बापकनी फोन हातात घेतला आणि त्यांचे खांदे सैल झाले. अंगठा बटणांच्या ओळींवरून सरकला, थांबला, दाबला. नजर समोरच्या भिंतीकडे. माझ्या पिशवीत फोन थरथरला. मी काढून पाहिलं. 'मस्त. पोटभर जेव.'

"आलं का?" त्यांनी विचारलं. "मला वाचता येत नाही ना. टुंग वाजलं की तुमची बटणं दाबून मी लिहितो काहीतरी. बाप आहे, जिवंत आहे, एवढं तुम्हाला कळलं म्हणजे झालं."

वर्षभर मी ज्या माणसाला मनात शिव्या घातल्या, त्याने माझं दुःख वाचलंच नव्हतं. त्याला फक्त टुंग ऐकू आलं होतं.

"पोरी, का रुसलीस माझ्यावर?"

मी पुन्हा त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि सांगितलं. नवरा गेला ते, ते लिहून कळवलं होतं ते. विबी ऐकत होता, बू कार्सी ऐकत होती. ऐकू देत. बापकचा हात माझ्या कापलेल्या केसांवरून फिरता फिरता थांबला.

"आणि मी?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज पार बसला होता. "मी काय लिहिलं होतं तुला?"

विबीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला फोन पालथा केला.

"घरी ये, असं लिहिलं होतंत."

बापकनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गाल, हनुवटी, ओले डोळे.

"मग आली का नाहीस गं?"