नावापुढची खूण

हिंमतरावांचा तीन एकर ऊस तुरे येऊन शेतात उभा होता, आणि मोबाइलातल्या शेतात मात्र त्यांची तिसरी सुगी चालली होती. हा शेतीचा खेळ घेतला तेव्हा त्यानं 'तुमच्या मोबाइलातली नावं पाहू का?' असं विचारलं होतं. उभ्या आयुष्यात हिंमतरावांची परवानगी इतक्या अदबीनं कुणी मागितली नव्हती. त्यांनी खुशीनं 'होय' दाबलं.

रविवारी खेळातलं पीक निघालं आणि खेळानं परस्पर सगळ्यांना निरोप धाडला : 'प्रिय अमुक, हिंमतरावांची कापणी पूर्ण झाली. तुम्हीही खेळायला या.' अमुकच्या जागी मोबाइलात जे नाव होतं, तेच गेलं. गावात शंकरप्पा तीन आणि शंभुलिंग चार, म्हणून ओळखू यावं यासाठी हिंमतराव प्रत्येकाच्या नावापुढं एक खूण जोडत. ती खरी असे, हीच पंचाईत. 'शंभुलिंग फुकटचहा' रस्त्यात तोंड फिरवून गेला. तेही चाललं असतं. पण कारखान्याच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहायचा तो 'शंकरप्पा थापाड्या'.

सोमवारी तोडणीची टोळी हिंमतरावांचा बांध ओलांडून शेजारच्या उसात शिरली. आणखी महिनाभर ऊस उभा राहिला तर नुसती चिपाडं उरली असती. बायकोला, सारजाबाईंना घेऊन ते शंकरप्पाच्या दारी गेले.

"कापणी झाली म्हणून तुमीच कळवलंय," शंकरप्पा शांतपणे म्हणाला. "थापा आमी मारतो, तुमी न्हाय."

निरोप आपण नाही, खेळानं पाठवला, असं हिंमतरावांनी परोपरीनं सांगितलं. मग आपलं हे नाव खेळाला कुणी सांगितलं, असं शंकरप्पानं विचारलं.

तेव्हा सारजाबाईंनी स्वतःचा मोबाइल पुढं केला. 'प्रिय फौजदार,' शंकरप्पानं वाचलं.

"तुमालाबी, काकू?"

"व्हय. आन् मला ह्यांच्यासंगं एका घरात ऱ्हावं लागतं. तुमचं तसं न्हाय."

शंकरप्पाला हसू आवरेना. त्यानं गुरुवारची चिठ्ठी लिहून दिली. हिंमतरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभ सैल सुटली. तुझ्या मोबाइलात माझं नाव काय, असं त्यांनी विचारलं. शंकरप्पानं मोबाइल फक्त सारजाबाईंकडं वळवला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

गुरुवारी ऊस तुटला, कारखान्यात गेला, त्याची साखरही झाली. सारजाबाईंनी ते नाव काही सांगितलं नाही.