जयवंतचे बारा रविवार

"माझे बाबा दारू पितात," अपूर्वा माइकवर म्हणाली, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या जयवंतने मान वळवून मागे पाहिलं. ही आपलीच पोर बोलतेय, हे त्याच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

घाटकोपरच्या हॉलमध्ये ट्रस्टचा कार्यक्रम चालला होता. गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजच्या फीसाठी चेक मिळायचे आणि चेक घेण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं आपलं दुःख सांगायचं, अशी तिथली रीत. देणाऱ्यांनाही वाटायला हवं ना, की पैसा सत्कारणी लागला. अपूर्वा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज वर्षभर 'प्रलंबित' दाखवत होता, आणि फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजने स्वच्छ सांगितलं होतं. ट्रस्टशिवाय दुसरं दार उरलेलं नव्हतं.

जयवंत नाहूरच्या सोसायट्यांमधले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. दारूचं म्हणाल, तर हा गडी लग्नाच्या वरातीतही सोड्याचा ग्लास आधी हुंगून बघायचा. चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं घालायला त्यालाच उभं करत. देवाशी सगळ्यांच्या वतीने बोलायचं, तर तोंड स्वच्छ असलेला माणूस लागतो.

"वडील आलेत का हिचे?" मोठे देणगीदार श्यामसुंदर साहेब उठले. "या, वर या. लाजू नका."

टाळ्या वाजल्या. जयवंत कसा स्टेजवर पोचला, ते त्याला कळलंच नाही. साहेबांनी सत्काराच्या तबकातला नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

"कोकणातले ना तुम्ही? मग नारळाचं काय ते तुम्हाला सांगायला नको. शपथ घ्या सगळ्यांसमोर. आजपासून एक थेंब नाही."

जयवंतने पोरीकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती. शेजारी ट्रस्टच्या मृणालिनीताई होत्या, आणि त्यांच्या हातात अपूर्वाच्या चेकचं पाकीट होतं. "मी पीत नाही" एवढंच म्हटलं असतं, तर ते पाकीट तिथल्या तिथे परत गेलं असतं आणि पोर खोटारडी ठरली असती.

"एक थेंब घेणार नाही," जयवंत म्हणाला. गाऱ्हाण्याचा आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे संन्यासी आपल्या पायांनी सुळीपर्यंत चालत गेला होता.

मृणालिनीताईंनी पाकीट दिलं आणि सोबत एक कार्डही. अर्धी फी आज. उरलेली अर्धी, वडिलांनी ट्रस्टच्या व्यसनमुक्ती वर्गाला बारा रविवार हजेरी लावून कार्डावर बारा शिक्के घेतल्यावर.

हॉलच्या जिन्यात अपूर्वा रडायला लागली.

"मुलाखतीत ताईंनी विचारलं, वडील घेतात का? मी नाही म्हटलं. तर त्या म्हणाल्या, गरीब तर सगळेच असतात गं, आणि माझा फॉर्म बाजूला ठेवला. पुढच्या मुलीचा उचलला. मग मी पटकन म्हटलं, घेतात. बाबा, मला काय माहीत इथे तुम्हाला वर बोलावतील?"

"माका आधी सांगूचा ना गो, बाय," जयवंत एवढंच म्हणाला. नारळ त्याने अजून दोन्ही हातांत धरला होता.

बाहेर येईपर्यंत कुणीतरी व्हिडिओ टाकलाही होता. आठवड्याभरात तो नाहूरला पोचला. ज्या सोसायटीचा पंप जयवंत अठरा वर्षं सांभाळत होता, तिथल्या सेक्रेटरी नंदकुमारने त्याला गेटवरच थांबवलं.

"तुझ्यावर माझा भरवसा आहे रे. पण कमिटी म्हणते, टाकीवर चढायचं काम, उद्या काही झालं तर? तू आधी नीट बरा हो ना यार."

"मी पीत नाही, साहेब."

"सोडलीस ना? झकास. चांगलं केलंस."

पुढच्या महिन्यात आणखी दोन सोसायट्या गेल्या. त्याची बायको जानकी पोरीशी बोलेना. जयवंतच तिला म्हणाला, की पोरीला दोष देऊ नको, तिची परीक्षा आहे.

वर्गातही त्याने पहिल्या रविवारी खरं सांगून पाहिलं होतं. तिथले सगळे हसले. "आम्हीपण हेच म्हणायचो," एकजण म्हणाला. मृणालिनीताईंनी वहीत लिहिलं, 'अजून कबूल करत नाही.' त्यानंतर तो दर रविवारी गप्प बसायचा आणि शिक्का घेऊन यायचा.

बाराव्या रविवारी घरचं माणूस सोबत आणायचं होतं. अपूर्वा आली. परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते.

"जयवंत, शेवटचा शिक्का फुकट मिळत नाही," मृणालिनीताई म्हणाल्या. "उभे राहा आणि घरी काय करायचात ते तुमच्या तोंडाने सांगा. कबूल केल्याशिवाय माणूस सुटत नाही."

जयवंत उभा राहिला. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बापाने जे जे केलं होतं, ते तो सांगू लागला. फक्त बापाच्या जागी 'मी' म्हणत गेला. मी घरातले पैसे उडवायचो. मी भांडी विकली. मी बायकोला चाळीच्या गॅलरीत फरपटत आणायचो, आणि सगळे बघायचे. हे त्याने आजवर जानकीलाही सांगितलं नव्हतं. ताई लिहीत होत्या.

"आणि मुलीला?"

"मारायचो. पट्ट्याने."

"खरं आहे, अपूर्वा?"

अपूर्वा बापाकडे बघत राहिली. आयुष्यात त्याने तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"सांग, बाय," जयवंत म्हणाला. "घाबरू नको."

"हो," अपूर्वा म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी बारावा शिक्का मारला. जयवंतने कार्ड घेतलं, फुंकर घातली आणि पोरीच्या हातात दिलं.

"शाई ओली आसा," तो म्हणाला. "सुकली की पिशवीत ठेव."