वजा केलेली सावली

कचेरीतला नियम आपल्या घरच्यांच्या मुळावर येईपर्यंत शहाणाच वाटतो. शेती खात्यातल्या साहेबांचं तसंच झालं.

लहान शेतकऱ्यांना पाण्याचा पंप देणाऱ्या योजनेचा मसुदा त्यांनीच पंख्याखाली बसून लिहिला होता. त्यातलं एक वाक्य त्यांना फार आवडायचं: झाडांच्या सावलीखालची जमीन लागवडीतून वजा करावी. शेत कसं टेबलासारखं मोकळं हवं! वजा जाता उरलेली जमीन कमी भरली, तर पंप नाही.

सुट्टीच्या दिवशी साहेब ताईकडे गेले. दोघं भावंडं एकाच शेती महाविद्यालयात शिकलेली. ताई पुढे शेतात उतरली, साहेब फायलींत. ते पोचले तेव्हा दाजी घामाघूम होऊन कुऱ्हाड चालवत होते. बांधावरची एक जुनी तुती आडवी पडली होती आणि बाकीच्या तुतींवर तोडण्यासाठी चुन्याच्या खुणा केल्या होत्या.

"या साहेब! तुमच्याच नियमाची अंमलबजावणी चाललीय," दाजी म्हणाले. "उद्या पाहणी आहे. पंप नाही मिळाला तर या उन्हाळ्यात पीक हातचं जाईल."

"दाजी, नियम उगाच नाही केलेला. सावलीत पीक खुरटतं," असं म्हणत साहेबांनी समजावायला सुरुवात केली. ऊन मी म्हणत होतं. बोलता बोलता त्यांनी बसायला दिलेली खुर्ची उचलली आणि उभ्या तुतीखाली नेऊन मांडली.

ताई कमरेवर हात ठेवून बघत होती. "छोट्या, बसलास कुठे?"

"म्हणजे?"

"वजा केलेल्या जमिनीत बसलायस. ये इकडे उन्हात, आणि मग सांग."

दाजींना हसू आवरेना. साहेब कानकोंडे झाले.

"दाट सावली मलाही नकोच," ताई म्हणाली. "म्हणून तर फांद्या छाटतो. पाला शेळ्यांना, शेळ्यांचं खत मक्याला. झाडांच्या आडोशाने घेवडा वाऱ्यात आडवा होत नाही, पाचोळ्याखाली ओल टिकते. हे तूही शिकलायस ना? मग लिहिताना कुठे गेलं होतं डोकं?"

"एवढा विचार नाही केला, ताई."

"आणि ही आडवी पडलीय ती कुणी लावली होती, आठवतंय?"

साहेबांनी वळून पाहिलं. ताईच्या लग्नाच्या वर्षी महाविद्यालयाच्या शेतातून फांदी आणून त्यांनीच ती इथे खोचली होती! त्यांना ती ओळखूसुद्धा आली नव्हती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"दाजी, कुऱ्हाड ठेवा," ते म्हणाले. "पाहणी मी थांबवतो. नियम चुकलाय, आणि चूक करणारा मी आहे."

वरिष्ठांशी भांडण्यात बरेच दिवस गेले. अखेर ते वाक्य खोडलं गेलं आणि शेतातली झाडं लागवडीतच धरली जाऊ लागली. उन्हाळा संपता संपता का होईना, ताईच्या शेतात पंप आला.

मंडळी, जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबासाठी झाड म्हणजे अडचण नव्हे, घरातलंच एक कमावतं माणूस आहे. त्याला वगळून आखलेली योजना त्या कुटुंबाचाच हात तोडते. धोरण लिहिणाऱ्याने आधी शेतात जावं आणि मगच लेखणी उचलावी.

त्या सुट्टीच्या दिवशी ताईकडून निघण्यापूर्वी साहेबांनी आडव्या तुतीची एक फांदी कापून त्याच जागी खोचली. ती रुजलीय. पण तिची सावली पडायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर ताईकडे गेले की साहेब आपली खुर्ची त्या रोपाशेजारी उन्हातच मांडतात.