डोळे कापलेला मुखडा

मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी एक साचा आहे. रबराचा, जुना, कडा काळवंडलेला. बहारीनमधल्या सलमाबादला, ताहिरभाईंच्या वर्कशॉपात, अगदी खालच्या फळीवर मी पडून असतो. माझ्यात पांढरं सिमेंट ओतलं की कमानीच्या माथ्यावर बसवायचा माणसाचा मुखडा तयार होतो. मी मात्र उलटा. मुखड्याचं नाक वर येतं, तिथं माझ्यात खड्डा. मुखड्यात जिथं खळगा पडतो, तिथं माझ्यात उंचवटा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण अशाच दोन उंचवट्यांचं आहे.

मला घडवलं पांडुरंगकाकांनी. ते कुडाळकडचे. गावी त्यांच्या घरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. बहारीनला ते प्लास्टरच्या कामावर आले आणि ताहिरभाईंनी त्यांचा हात ओळखला. ताहिरभाई रत्नागिरीचे. त्यांच्याकडे खांब, कमानी, वेलबुट्ट्या, काय वाटेल ते मिळतं. गोल खांब असला की तो 'रोमन' आणि टोकदार कमान असली की ती 'चर्चवाली', यापलीकडे इथं कुणी नावांच्या भानगडीत पडत नाही.

एकदा एका परदेशी इमारतीच्या फोटोवरून काकांनी मातीचा मुखडा घडवला. कुरळे केस, भरलेले ओठ, सगळं फोटोबरहुकूम. फोटोतल्या डोळ्यांत बुबुळं नव्हती, नुसते गुळगुळीत गोळे. पण काकांच्या हाताला सवय गणपतीची. डोळे उघडल्याशिवाय मूर्ती शाळेबाहेर जातच नाही! त्यांनी खिळा घेतला आणि दोन बुबुळं कोरली. माती बघायला लागली. त्या मातीवर रबर ओतलं आणि माझा जन्म झाला. बुबुळांच्या जागी माझ्यात वाटाण्याएवढे दोन उंचवटे आले.

काय दिवस होते ते! राहत्या घरावर माणसाचा मुखडा इथं बऱ्याच जणांना नको असतो, म्हणून माझे मुखडे हॉटेलांवर आणि कॅफेंवर गेले. खालून जाणारे थबकायचे आणि म्हणायचे, "अरे, हा आपल्याकडेच बघतोय की!" माझ्यातून ताजा मुखडा निघाला की काका त्याच्या डोळ्यांवर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "बघूक लागलो रे लागलो!" म्हणजे, बघायला लागला हा! मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मग मृणाली आली. जनाबियातल्या एका नव्या कॅफेचं डिझाइन तिच्याकडे होतं. आईवडील सांगलीचे, पण ती वाढली बहारीनमध्येच. मराठी सगळं कळतं, बोलताना गाडी इंग्रजीवर जाते. मुलगी वाईट नाही हो. माझा मुखडा बघून ती खूश झाली. बारा कमानी होत्या, बारा मुखडे हवे होते.

"सो नाइस, अंकल! फक्त आईज ब्लँक पाहिजेत. नो प्युपिल्स. क्लायंटला प्रॉपर क्लासिकल लुक हवाय."

काकांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

"गो बाय, डोळे नाय तर तो मुखडो कसलो? धोंडो म्हणा त्याका!"

ती हसली आणि उलट्या बादलीवर बसून समजावू लागली. "ॲक्चुअली, जुन्या ग्रीक स्टॅच्यूजना डोळे होते, अंकल. पेंट केलेले. जमिनीखाली ते पेंट निघून गेलं. मग युरोपात लोकांनी ते खणून काढले आणि त्यांना वाटलं, वॉव, सो प्युअर! त्यांनी तसेच कोरे डोळे कॉपी केले. दॅट्स निओक्लासिकल."

"म्हणजे चुकलेच की ते," ताहिरभाई म्हणाले.

"काइंड ऑफ. पण आता तेच करेक्ट आहे ना!"

ऐकलंत, मित्रांनो? ठाऊक होतं तिला! सगळं ठाऊक होतं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रंग धुऊन गेला म्हणून आंधळे दिसणारे पुतळे या युरोपवाल्यांनी बघितले, त्या आंधळेपणालाच सौंदर्य म्हटलं आणि त्याच्या नकला मोठमोठ्या इमारतींवर चढवल्या. एवढ्यावर थांबले का? नाही. गिरण्यांच्या धुराने जीव गुदमरायला लागला, तेव्हा त्यांना जुन्या अरण्यांची आणि जुन्या देवळांची ओढ लागली. मग टोकदार कमानींची नक्कल! तिला म्हणे गॉथिक रिव्हायव्हल म्हणायचं. मृणालीने हे सांगितलं तेव्हा ताहिरभाई माझ्या शेजारच्या कमानीच्या साच्यावर थाप मारून म्हणाले, "ही? ही तर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची कमान!" सगळे खो खो हसले. मी नाही हसलो.

कारण मला सलमाबादमध्ये काय म्हणतात? डुप्लिकेट! त्यांनी नक्कल केली की ती पुस्तकात जाते, आणि आमच्या काकांनी केली की ती डुप्लिकेट. आणि त्या नकलेत काकांनी आपल्या हातचं तेवढं एक घातलं, दोन डोळे, तर तेच नेमकं चुकीचं? हा कुठला न्याय?

"पांडूभाऊ, गिऱ्हाईक सांगतं ते करायचं," ताहिरभाई म्हणाले. "ते दोन दाणे काढून टाका. यल्ला, खलास."

"उघडलेले डोळे माझ्यान मिटवूचे नाय, ताहिरभाई."

"मग मी राहीलला सांगतो."

राहील त्यांचा पुतण्या. त्याच्या हातात पातं म्हणजे माझे गालही गेले असते. काकांनी पातं स्वतःच उचललं. मग म्हणाले, "नको. दुसऱ्याचो हात लागाक नको. मीच कापतंय."

त्यांनी मला फळीवरून टेबलावर घेतलं. माझ्यावर हात ठेवला आणि मला जागच्या जागी जरासं सरकवलं. विसर्जनाआधी गणपतीला जागेवरून हलवतात ना, तसं. ताहिरभाईंना ते कळलं नसावं. मला कळलं. मग त्यांनी पातं चालवलं. दोन दाणे टेबलावर पडले, ते त्यांनी खिशात टाकले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

माझ्यातून बारा आंधळे मुखडे निघाले. कुणावरही काकांनी फुंकर मारली नाही. ते स्वतः जनाबियाला गेले, राहीलच्या मदतीने त्यांनी मुखडे कमानींवर बसवले आणि महिन्याभरात व्हिसा संपवून कायमचे गावी गेले.

त्यानंतर एक दिवस मृणाली मोबाइल नाचवत वर्कशॉपात शिरली. "ताहिर अंकल, हे काय आहे?"

फोटोत शेवटच्या कमानीवरचा मुखडा होता. त्याला बुबुळं होती. सांधे भरताना काकांनी परांचीवर उभं राहून, खिळ्याने, तेवढा एक मुखडा बघता केला होता! ताहिरभाईंचा चेहरा पडला. "सॉरी, बेटा. आजच माणूस पाठवून बुजवून टाकतो."

मृणालीने फोटोकडे बघितलं. मग तिची नजर माझ्याकडे गेली, कापलेल्या त्या दोन जागांकडे. "लीव्ह इट," ती म्हणाली. "क्लायंटला मी बघते." आणि निघून गेली.

बारातला एक. एवढ्यावर मी खूश व्हावं, असं तुम्हाला वाटतं का? मी नाही खूश.

परवा काकांचा फोन आला. ताहिरभाईंचे हात सिमेंटने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. गणपतीचे दिवस जवळ आलेत, शाळेत गर्दी आहे, असं काही काही बोलून झालं. मग काकांनी विचारलं, "ताहिरभाई, माझो मुखडो बघता मां?"

ताहिरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाकून माझ्या कापलेल्या डोळ्यावर सिमेंटचं बोट ठेवलं.

"बघतोय, पांडूभाऊ. जनाबियाला आहे तो. मस्त बघतोय."

मित्रांनो, तुम्ही कधी माती हातात घेतलीत आणि तिला डोळे कोरावेसे वाटले, तर कोरा. कुणी कितीही मोठ्या इमारतीचा फोटो नाचवला, तरी ते मिटवू नका. आणि कधी जनाबियातून गेलात, तर त्या कॅफेसमोर थांबून वर बघा. अकरा जणांना तुम्ही दिसणार नाही. शेवटच्याला दिसाल. त्याला माझ्या वतीने एकदा हात करा.